थंडीत अडणारा संगणक

जुना डेस्कटॉप चालू होत नाही, असे कुणापुढे सहज बोलून पाहावे. ऐकणाऱ्याचे उत्तर बहुधा तयार असते, 'फॉरमॅट मारून टाका.' ज्या यंत्राच्या पडद्यावर अजून एक अक्षरही उमटलेले नाही, त्यात विंडोज नव्याने घालून काय साधणार, हा प्रश्न सल्ला देणाऱ्याला पडत नाही. दुसरा सल्ला भंगारवाल्याचा. तो निदान प्रामाणिक तरी असतो.

आमच्या टेबलाखालचा डेस्कटॉप 2006 साली असेंबल करून घेतलेला आहे. पेंटियम फोर प्रोसेसर, विंडोज एक्सपी आणि मागच्या बाजूला जुन्या प्रिंटरसाठीचे ते रुंद पॅरलल पोर्ट, असा त्याचा थाट. तो टिकवून ठेवण्यामागे हळवेपणा नाही. एका छोट्या संस्थेच्या त्रैमासिकाचे जुने अंक त्यावर श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेले आहेत, आणि त्या पोर्टला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही. युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत रुळण्याआधी मराठीत छपाईचे काम केलेल्या अनेकांच्या कोपऱ्यात अशा एखाद्या कारणासाठी असा एखादा संगणक अजून जपलेला सापडेल. त्यामुळे तो अडला की त्याला हाताळणे भाग पडते, आणि हाताळता हाताळता असे लक्षात येते की यंत्र बिघडले आहे याहून ते कुठवर पोहोचून थांबले, हे कळणे अधिक कामाचे असते.

समोरचे बटण आपण समजतो तसे वीज जोडणारे बटण नसतेच. एटीएक्स पद्धतीच्या संगणकात भिंतीवरचा स्विच चालू असताना एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधली वीजपुरवठ्याची पेटी, पाच व्होल्टचा एक बारीकसा प्रवाह सतत पुरवत असतो. बटण दाबले की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, त्या प्रवाहाच्या बळावर एसएमपीएसला जागे होण्याची विनंती करतो. मग 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे पुरवठे सुरू होतात, ते स्थिरावले की 100 ते 500 मिलिसेकंदांच्या आत 'वीज ठीक आहे' असा इशारा मदरबोर्डला मिळतो, आणि तोवर प्रोसेसरला थोपवून धरलेले असते. त्यानंतर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड यांची हजेरी घेतो आणि सर्वांत शेवटी हार्ड डिस्ककडे वळतो. विंडोजचा संबंध येतो तो इथे, म्हणजे जवळजवळ सगळा प्रवास संपल्यावर. पंखा हललाच नाही, पंखा फिरून थांबला, पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, आणि डिस्प्ले येऊन गाडी विंडोजच्या चिन्हापाशी अडली, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. 'फॉरमॅट' हा उपाय लागू पडलाच तर फक्त चौथ्याला.

डिस्प्ले नसला की कान उपयोगी पडतात. जुन्या कॅबिनेटमध्ये एक छोटा स्पीकर असे. एकदाच आखूड बीप झाली की हजेरी पूर्ण, आणि अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप झाल्या की ग्राफिक्सची तक्रार. हल्लीच्या कॅबिनेटमधून हा स्पीकर गायब झाला आहे, ही मला बचत कमी आणि कद्रूपणा अधिक वाटतो. रॅमची तक्रार असेल तर बहुतेक दुरुस्तीवाले पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर फिरवतात आणि ती पुन्हा बसवतात. खोडरबराने तो पातळ मुलामा झिजतो म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरणे चांगले. माझा अंदाज असा की अर्ध्याहून अधिक यश पट्टी काढून नीट दाबून बसवण्याचे असते आणि श्रेय खोडरबराला मिळते.

मदरबोर्डवरच्या सेलचे दुखणे त्या मानाने करमणुकीचे आहे. सीआर 2032 या नावातच त्याचे माप आहे, 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. तो 3 व्होल्टचा. तो संपला की संगणकाचे घड्याळ बायोसमध्ये ठरवलेल्या जुन्या वर्षात परत जाते, पडद्यावर चेकसमची, म्हणजे साठवलेल्या माहितीचा ताळा न जुळल्याची, चूक दिसते आणि एफ 1 दाबायला सांगितले जाते. (कीबोर्डच सापडला नाही तरीही काही बायोस एफ 1 दाबायला सांगतात.) त्या स्थितीत नवे लेखन केले तर ते तारखेनुसार लावलेल्या यादीत जुन्या लेखांच्याही मागे जाऊन बसते आणि शोधूनही सापडत नाही. मघाचा तो बारीक प्रवाह चालू असतो तोवर घड्याळाला सेलची फारशी गरज नसते. आपल्याकडे मात्र काम संपले की भिंतीवरचा स्विच बंद करायची शिस्त असते, आणि वळवाच्या विजा चमकू लागल्या की प्लगही उपसला जातो. ती शिस्त योग्यच आहे; तिची किंमत हा छोटा सेल लवकर संपून चुकवतो, इतकेच.

आमच्या यंत्राचे खरे दुखणे मात्र वेगळे निघाले, आणि ते समजायला हिवाळा यावा लागला. मे महिन्यात पहिल्या बटणाला चालू होणारा हा संगणक पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी पंखा जरासा फिरवून थांबे, पुन्हा फिरवून थांबे, आणि बराच वेळ अशी कुंथाकुंथी झाल्यावर जणू काही झालेच नाही अशा थाटात चालू होई. एकदा चालू झाला की दिवसभर तक्रार नाही. दुपारी बंद करून लगेच चालू केला तरी नाही. आमच्या घरात याला 'मूड' म्हणत. कॅबिनेटची बाजू उघडून प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिचा पुरवठा सपाट ठेवणाऱ्या छोट्या डब्या, पाहिले, तेव्हा त्या मूडचे कारण उघड्यावर आले. त्यांतल्या काहींच्या सपाट असायला हव्या अशा माथ्यांना फुगवटा आला होता आणि एकाच्या माथ्यावरच्या खाचेतून तपकिरी राळ बाहेर डोकावत होती. त्या खाचा त्यासाठीच असतात. आत दाब वाढला तर डबी फुटून उडण्याऐवजी तिथे उसवावी.

या डब्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी आणि ओला इलेक्ट्रोलाइट असतो. या सहस्रकाच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष द्रावणाचे कपॅसिटर बसले होते; त्या द्रावणातले पाणी अ‍ॅल्युमिनियमला खाई, त्यातून हायड्रोजन निर्माण होई आणि डबी फुगे. चांगला कपॅसिटरही अमर नसतो. 105 अंश सेल्सिअसला 2000 तास, अशी त्याची हमी असली, तर तापमान दर 10 अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे 65 अंशांना सुमारे 32,000 तास. धुळीने पंखा गुदमरला आणि आतली हवा तापली की हाच हिशेब उलटा चालतो. आणि थंडीचे म्हणाल, तर निम्मे सुकलेले द्रावण गार पडले की कपॅसिटरचा आतला रोध वाढतो, प्रोसेसरला लागणारा सपाट प्रवाह मिळत नाही, त्यात चढउतार राहतात आणि यंत्र आपणच माघार घेते. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाने मात्र त्या डब्या किंचित तापतात, रोध किंचित उतरतो, आणि एका प्रयत्नाला जमून जाते. दुरुस्ती करणारे काही जण संशयित भागावर हेअर ड्रायरची ऊब देऊन नेमके हेच तपासतात.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास हे सुटे कपॅसिटर काही रुपयांना मिळतात. क्षमता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे अधिक, आणि ऋण बाजूची पट्टी बोर्डावरच्या खुणेशी जुळलेली, एवढे पाहायचे असते. कौशल्य लागते ते मदरबोर्डाच्या जाड तांब्यातून जुने पाय उपसताना, आणि ते काम हात बसलेल्या माणसाकडे सोपवणेच बरे. एसएमपीएसची पेटी तर घरी उघडूच नये. 230 व्होल्टची वीज आत एकदिश झाल्यावर तिचा दाब सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जातो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तिथे दबा धरून असतो.

नवे कपॅसिटर बसल्यापासून संगणक गार सकाळीही पहिल्या बटणाला उठतो. पण अडखळत चालू होणाऱ्या यंत्रावर पहिले काम दुरुस्तीचे नसून सगळ्या फायलींची नक्कल बाहेर काढण्याचे असते, आणि ते आम्ही आधीच उरकले होते. अडचण पुढे आली. त्या नकला नव्या लॅपटॉपवर उघडल्या की अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा सडा दिसतो, कारण जुन्या फाँटमध्ये 'क' साठवलेला नसतो, 'क'चे चित्र दाखवणारा एक आकडा साठवलेला असतो. रूपांतर करणारी साधने आहेत. ती बहुतेक मजकूर सरळ करतात आणि रफारापाशी हमखास घसरतात. म्हणून एका पडद्यावर मूळ अंक आणि दुसऱ्यावर रूपांतरित पान ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणे चालू आहे. सध्या 2009 चा वर्षा अंक तपासून होत आला आहे.