टँगरा: कातड्याचे कारखाने गेले, मग जेवणावळी आल्या

कोलकात्याला निघालेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, ‘चायनीज खायचं तर टँगऱ्याला जा.’ सल्ला चांगलाच आहे. पण टँगरा ही चिनी वस्ती खाण्यासाठी वसलेली नाही. साधारण १९१० पासून पुढची ऐंशी-नव्वद वर्षं तिथे कातडी कमावली जात होती. आज जिथे टेबलं मांडलेली दिसतात, त्यातल्या कितीतरी जागा मुळात टॅनऱ्या, म्हणजे कातडी कमावण्याचे कारखाने आहेत.

शहरातली जुनी चिनी वस्ती टिरेटा बाजारची, लालबाजारजवळ. तिथे कामं बोलीनुसार वाटली गेली होती. कँटनी लोक सुतार, हुबेईकडचे दात बसवणारे, हक्का बोली बोलणारे लोक बूट बनवणारे. बेंटिंक स्ट्रीटवरची हक्कांची बुटांची दुकानं प्रसिद्ध होती. बुटाला कातडं लागतं, म्हणून हक्का कुटुंबं पूर्वेकडच्या दलदलीत सरकली. तिथे पाणी मुबलक होतं, सांडपाणी सोडायला नाले होते आणि वासाची तक्रार करायला शेजारी नव्हते. शिवाय मेलेल्या जनावराच्या कातड्याला सवर्ण हात लावत नसत, त्यामुळे परक्याला या धंद्यात शिरकाव मिळाला. अंगमेहनतीचं काम मात्र मुख्यतः बिहारमधून आलेल्या चर्मकार मजुरांनी केलं. टँगऱ्याचा इतिहास सांगताना लोक त्यांना सर्रास वगळतात, आणि ते मला मुळीच पटत नाही.

काम काय होतं ते समजून घेतल्याशिवाय ही वस्ती कळत नाही. मीठ लावलेलं कातडं आधी पाण्यात भिजवून मीठ, रक्त, घाण काढायची. मग ते चुना आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे केस सैल होतात. आतल्या बाजूचं मांस खरवडायचं, चुना धुऊन काढायचा आणि कातडं मीठ व सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात घालून सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा) तीनच्या आसपास आणायचा. त्यानंतर फिरत्या लाकडी ड्रममध्ये क्रोमियमचा क्षार, कातड्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के. शेवटी थोडा थोडा सोडा सोडत सामू चारपर्यंत चढवायचा. इथे घाई केली की सगळं बिघडतं: क्रोम वरच्यावर बसतं, मधला थर कच्चा राहतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. काम झालं की नाही हे पाहायला एक तुकडा कापून उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं ठेवतात. आकसला नाही, तर कातडं कमावलं गेलं.

या सगळ्याला किलोभर कातड्यामागे तीसेक लिटर पाणी लागतं. जुन्या पद्धतीत जवळजवळ एक तृतीयांश क्रोम कातड्यात न मुरता नाल्यात जातं. कारखाना तळमजल्यावर आणि कुटुंब त्याच इमारतीत वर, अशी बहुतेकांची राहणी होती.

वस्तीला पहिला मोठा धक्का १९६२ च्या युद्धाने दिला. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यात आसाम आणि उत्तर बंगालमधले पुष्कळ, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. कोलकात्यातल्यांवर पोलीस नोंदणी आणि प्रवासबंदी आली. इथेच जन्मलेल्या माणसांना शत्रू ठरवणं हा उघड अन्याय होता. परदेशी जाण्याची ओढ तेव्हापासून वाढली, आणि पुढे टोरांटो हे टँगऱ्याचं दुसरं घर झालं.

दुसरा धक्का न्यायालयाचा. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या गंगा प्रदूषणाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये टँगरा, तिलजला, तोपसिया आणि पागलाडांगा इथल्या सुमारे ५५० टॅनऱ्या शहराबाहेर बानतलाला हलवण्याचा आदेश दिला. प्रदूषण खरंच भयंकर होतं, आदेश योग्यच होता. पण घर आणि कारखाना एकाच छताखाली असलेल्या कुटुंबाने फक्त कारखाना उचलून न्यायचा कसा? नवी जमीन घ्या, नवे ड्रम बसवा, सांडपाणी प्रक्रियेचा खर्च भरा. ज्यांची मुलं आधीच कॅनडात होती, त्यातल्या अनेकांनी हिशेब केला आणि धंदा मिटवला.

मागे राहिलेल्या इमारती हॉटेलांना सोयीच्या पडल्या. छत उंच, आत मोकळी जागा, ट्रक शिरेल एवढं फाटक. हिरव्या मिरचीचा सॉस करणारे चिनी कारखानदार शहरातच होते. भट्टीवरचं तंत्र घरचंच: नूडल्स किंचित कच्च्या उकडायच्या, गार पाण्याने धुवायच्या, तेल लावून पूर्ण निवू द्यायच्या, मगच तापलेल्या कढईत टाकायच्या. गरम टाकल्या तर लगदा होतो. चव भारतीय जिभेसाठी बदलली, आणि तीच टोरांटोला गेली. तिथे पाटीवर ‘हक्का’ दिसलं की आत चिली चिकन आणि मंचुरियन मिळणार हे आपल्या मराठी मंडळींनाही माहीत असतं. मंचुरियनचं श्रेय ज्यांना देतात ते नेल्सन वाँग कोलकात्यात जन्मलेले; पदार्थ मात्र १९७५ च्या सुमारास मुंबईत घडला.

माझा आक्षेप एवढाच की शहर आता या वस्तीकडे फक्त जेवणाची जागा म्हणून बघतं. हॉटेलला गिऱ्हाईक पुरतं. शाळेला मुलं लागतात. टँगऱ्याची चिनी शाळा मुलांअभावी बंद पडली. जुन्या टॅनऱ्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहतायत, कारण पूर्व बायपास जवळ असल्याने जमिनीला भाव आहे.

जायचंच तर रविवारी आधी टिरेटाला जा. पहाटे साडेपाच-सहाला पोहोचा, आठनंतर फारसं काही उरत नाही. पोर्कचे पाव, फिशबॉल सूप घ्या, सुटे पैसे ठेवा. मग सी इप आणि तूंग ऑन ही चिनी देवळं पाहा, फोटोआधी विचारा. टँगऱ्याला दुपारी जा आणि चिनी काली मंदिर चुकवू नका, तिथे नैवेद्याला नूडल्सही असतात. मुंबईकरांना याच्या पुढची पायरी माझगावात दिसेल: नवाब टँक रोडवर १९१९ चं सी यप देऊळ अजून आहे, पण गोदीच्या आधाराने जगलेली चिनी वस्ती आता तिथे नाही.