बाबांचा लिपिड प्रोफाइल

आज बाबांचा रिपोर्ट आला. एचडीएल ३४, म्हणजे जे 'चांगलं' कोलेस्टेरॉल जास्त हवं, तेच कमी. बाबा खूश, "कमी आलंय ना? झालं तर मग!" त्यांना समजावता समजावता मीच त्यात रमले. आपल्या पेशींना कोलेस्टेरॉल मोडून संपवताच येत नाही. धमनीच्या भिंतीत साचलेलं तिथल्या पेशींकडून एचडीएल उचलतं, यकृताकडे धाडतं आणि यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडतं. गंमत म्हणजे पित्तातली सुमारे ९५ टक्के आम्लं शरीर परत शोषून घेतं, कंजूष कुठलं! इसबगोल त्यातली थोडी अडवून बाहेर नेतो, मग नव्या पित्तासाठी यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे भजी खाऊन वर इसबगोल घेतला तर?"

आईने कढई माळ्यावर टाकली.