श्रावणबाळचा पगार मंजूर होतो, मग मध्येच का थांबतो?

गरीब वृद्धांना राज्य सरकार दर महिन्याला पैसे देतं ती श्रावणबाळ योजना, लोक त्या पैशाला पगारच म्हणतात. तिचा अर्ज भरणं आता तेवढं अवघड राहिलेलं नाही. खरा त्रास पुढे असतो. पगार सुरू होतो, काही महिने नीट पडतो आणि एक दिवस थांबतो. तलाठी म्हणतो तहसीलला जा, तहसीलमध्ये सांगतात बँकेत विचारा, बँक म्हणते वरूनच आले नाहीत. गुडघे धरलेल्या माणसाला या फेऱ्या झेपत नाहीत. म्हणून पैसा कोणत्या वाटेनं येतो आणि कुठे अडतो, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावं.

आधी नियम थोडक्यात. वय ६५ किंवा जास्त, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत (हा गट अ) किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत (हा गट ब). रक्कम साधारणपणे महिना १,५०० रुपये. जुलै २०२३ पूर्वी ती १,००० होती. ६५ च्या आतल्या विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी अशांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. ६५ पूर्ण झाले की त्यांना श्रावणबाळमध्ये वर्ग केलं जातं.

ही २१,००० ची मर्यादा म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात कुणाचं घर चालतं, हा प्रश्न शासनाला कधीतरी पडायला हवा होता. गंमत पुढे आहे. लाडकी बहीण योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, पण वय ६५ पर्यंतच. म्हणजे ६५ पूर्ण झालेल्या बाईचे लाडकी बहीणचे महिना १,५०० बंद होतात आणि श्रावणबाळच्या दारात तिला अडीच लाखांऐवजी २१,००० चा दाखला मागितला जातो. घरात अशी बाई असेल तर ६५ पूर्ण व्हायच्या आधीच दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत बघून घ्या. यादीत नाव असेल तर यादी क्रमांकासह उतारा काढा, उत्पन्नाचा अर्धा घोळ तिथेच मिटतो. नाव नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. म्हातारी मुलाच्या रेशनकार्डावर असेल तर चौकशीत मुलाची कमाई विचारली जाणारच, त्याची तयारी ठेवा.

वयाच्या पुराव्यासाठी जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड किंवा मतदारयादीतलं वय चालतं. यातलं काहीच नसेल तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला. कागदावर हे सोपं दिसतं, अडतं ते आधारवर. जुन्या माणसांची आधार नोंदणी झाली तेव्हा अनेकांची जन्मतारीख अंदाजानं टाकली गेली, म्हणून कित्येकांचा जन्म १ जानेवारीचा. मतदारयादीत ६७ आणि आधारवर ६२ असेल तर अर्ज तिथेच लटकतो. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा पक्का पुरावा हातात आल्याशिवाय दुरुस्तीला जाऊ नका. नावाचंही तसंच. रेशनकार्डावर ‘सिताबाई’, आधारवर ‘सीता’, पासबुकावर सासरचं आडनाव नाही, असे तीन कागद एकत्र जोडले की त्रुटी निघाल्याशिवाय राहत नाही. आधी आधार नीट करा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. उलट क्रमानं गेलात तर दोनदा खर्च होतो.

अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून करा नाहीतर तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या, पोचपावती मात्र सोडू नका. पुढे चौकशी होते आणि अर्ज तालुका समितीसमोर जातो. समितीची बैठक लांबली की अर्जही लांबतो, त्यात तुमची चूक नसते. फार दिवस गेले तर माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. तोंडी चौकशीपेक्षा हे कितीतरी लवकर हलतं.

आता पगार थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण. पूर्वी तहसील बँकेला यादी पाठवायची आणि यादीतल्या खाते क्रमांकावर पैसे पडायचे. डिसेंबर २०२४ पासून वाटप डीबीटीनं, म्हणजे आधार क्रमांकावर सुरू झालं. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक इथे कामाला येत नाही. तुमचा आधार ज्या खात्याला सीड झालेला आहे, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलेला आहे, तिथे पैसे जातात, आणि एका वेळी असं एकच खातं असतं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही, ती केवायसी, म्हणजे नुसती ओळखीची पडताळणी झाली. सीडिंगचा संमतीफॉर्म वेगळा असतो, तो मागून घ्या.

यातून नेहमी होणारा घोटाळा असा. कुठल्यातरी शिबिरात पोस्टाच्या पेमेंट बँकेचं नवं खातं उघडलं जातं, त्यात आधार सीड होतो आणि त्या दिवसापासून पगार तिकडे वळतो. आजीबाई जुनं पासबुक छापून आणतात, त्यात काही नाही, म्हणून पगार बंद झाला असं सगळं घर धरून बसतं. पैसे मात्र दुसऱ्या खात्यात साठत असतात. म्हणून तहसीलला जाण्याआधी माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा, तिथे कोणती बँक ते दिसतं. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. नंबर जोडताना घरातल्या कायम जवळ असणाऱ्या माणसाचा द्या. पुण्याला नोकरी करणाऱ्या नातवाचा दिलात तर प्रत्येक ओटीपीला फोनाफोनी.

गट अ मध्ये आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. त्यात केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचे २०० रुपये असतात (८० नंतर ५००) आणि उरलेले राज्याचे. दोन्ही रकमा एकाच दिवशी पडतील असं नाही. खात्यात फक्त २०० दिसले तर ‘पगार कापला’ म्हणून धावू नका, काही दिवस थांबून पुन्हा नोंद बघा.

दुसरं कारण वार्षिक पडताळणी. हयात असल्याची खात्री दरवर्षी द्यावी लागते, आणि राहून गेली की नाव थांबवलं जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी येऊन पडताळणी करा असा साधा अर्ज तहसीलला द्या आणि त्याचीही पोच घ्या. बोटांचे ठसे पुसट झाले असतील तर डोळ्यांचं किंवा चेहऱ्याचं स्कॅन मागा. ठसा उमटत नाही म्हणून माघारी पाठवलं तर निमूट परत येऊ नका. पैसे काढायला बँकेत जाणं होत नसेल तर ७० च्या पुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. बँका आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. पोस्टमनकडूनही आधारवर घरी पैसे काढता येतात.

घरी येऊन अंघोळ घालणारं, औषध देणारं माणूस सरकार पाठवेल, अशी सोय आपल्याकडे या योजनेत नाही. मिळते ती रोख रक्कम, बाकीचं घरानं बघायचं. वॉकर, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी २०२४ मधल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपयांची तरतूद झाली. तिथे उत्पन्नाची मर्यादा दोन लाख आहे आणि वस्तूचं बिल ३० दिवसांत द्यावं लागतं. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली निर्वाहभत्ता मागता येतो, महिना १०,००० पर्यंत. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

लाभार्थी वारला की मृत्यूचा दाखला घेऊन तहसीलला लगेच कळवा. नंतर पडलेले हप्ते कुणी काढले तर ते वसूल होतात, आणि नोटीस वारसांच्या नावानं येते.