त्याचे बोलणे राहून गेले

इंदूरमधल्या भंवरकुआँजवळच्या माझ्या घरी संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना मी ख्रिस्ती करतो का, असे शेजारी विचारतात; आणि करत का नाही, असे माझ्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारी विचारतात. दोघांनीही पुन्हा विचारलेत म्हणून एकदा नीट लिहितो.

मध्य प्रदेशाच्या 2021 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्मांतरासाठीच्या आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तूही येते, हे मला ठाऊक आहे. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी झाबुआ, धारकडून इंदूरला आलेल्या मुलांना मी बसायला जागा, चहा आणि जुनी पुस्तके देतो. याला आमिष म्हणायचे असेल, तर भुकेल्यापुढे वाढलेल्या पानालाही तेच म्हणावे लागेल. मात्र हा निव्वळ शेजारधर्म आहे, असेही मी म्हणणार नाही. ख्रिस्त नसता तर मी हे दार उघडले नसते.

पूर्वपरीक्षेत तिसऱ्यांदा अपयश आलेला एक मुलगा एकदा रात्री दहाच्या सुमारास आला आणि चपला न काढता उंबऱ्यातच उभा राहिला. मी त्याला आत बसवले, बायबलमधले तेविसावे स्तोत्र वाचले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ प्रार्थना केली. आमेन म्हटल्यावर तो फक्त "जी सर" म्हणाला आणि निघून गेला. पहाटे त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला, की त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला असून त्याला एम. वाय. रुग्णालयात नेले आहे. तो वाचला. चौथ्या दिवशी मी खाटेशेजारी बसलो असताना तो म्हणाला, "सर, मैं बोलने ही वाला था, आपने आँखें बंद कर लीं."

माझी प्रार्थना खोटी नव्हती, हे मी तेव्हाही स्वतःला बजावत होतो आणि आजही म्हणतो. पण ती त्याच्यासाठी होती, की त्याचा चेहरा पाहून घाबरलेल्या माझ्यासाठी? मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही येशू आधी त्यालाच विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे. हा भाग मी मुलांना कितीदा शिकवला होता, आणि त्या रात्री एवढे विचारायचे मात्र मला सुचले नाही. आता समोरचा मुलगा बोलेपर्यंत मी बोलत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भिंतीवर लिहिला आहे, आणि गरज दिसली तर मीच तो लावून देतो. वडीलधारी याला ख्रिस्ताची साक्ष देण्याची टाळाटाळ म्हणतात. कायद्याच्या भीतीचा त्यात काहीच वाटा नाही, असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

तो मुलगा आता गावी शिकवतो. गेल्या नाताळात त्याने फोनवर विचारले, की त्या रात्री मी देवाकडे नेमके काय मागत होतो. मी खरे ते सांगितले: पुढच्या वर्षी त्याला परीक्षेत यश मिळावे, एवढेच. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मीही बोललो नाही.