बी बाजूचं तिसरं गाणं: हमनं चकवलं, शिट्टीनं तारलं

सापडलं! टीडीके डी-90 कॅसेट, बी बाजू, तिसरं गाणं, अकरावीत टीव्हीसमोर टू-इन-वन ठेवून भरलेलं आणि आजवर नाव न कळलेलं. लॉस एंजेलिसच्या फेल्यूअर बँडचं 'स्टक ऑन यू', 1996च्या 'फॅन्टॅस्टिक प्लॅनेट'मधलं. गाणं ओळखणाऱ्या ॲपवर नाव उमटलं तेव्हा मी असा ओरडलो की बायको कणकेच्या हातानं बाहेर आली. आणि हे गाणं आहे कशाबद्दल? डोक्यात बसून पिच्छा न सोडणाऱ्या गाण्याबद्दल. म्हणजे अकरावीपासून मी काय भोगतोय ते त्या लोकांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

आता अडलं कुठे होतं ते सांगतो, कारण ते गाण्याहून मजेदार आहे.

टेपचा वेग चुकलेला आहे, म्हणून ॲपला गाणं ओळखता येत नाही, हे मागेच ठरलं होतं. माझा कॅसेट डेक 3150 हर्ट्झचा ठरावीक सूर भरलेल्या टेस्ट टेपवर बरोबर चालतो, तेव्हा खोट रेकॉर्डिंगमध्येच. शेजारच्या ओळखीच्या गाण्यावरून वेग काढ, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं. पण शेजारचं सुपरड्रॅग बँडचं 'सक्ड आउट' आमच्या घरच्या टू-इन-वनवर भरलेलं आहे आणि हे तिसरं इंदूरच्या रामबागेत मामाकडच्या मशीनवर. त्या मशीनवरचं दुसरं काहीच या कॅसेटवर नाही. मग मी विजेच्या हमवर, म्हणजे 50 हर्ट्झच्या विजेमुळे रेकॉर्डिंगमध्ये शिरणाऱ्या गुणगुणाटावर, भिस्त ठेवली. स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या वारंवारता दाखवणाऱ्या आलेखात) 50 हर्ट्झची रेघ बेसच्या गोंधळात बुडते, म्हणून दुप्पट वारंवारतेची रेघ बघितली. 100 हवी, दिसली 97.8. म्हणजे टेप 2.2 टक्के हळू वाजतेय. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढा वेग वाढवला, ॲपला ऐकवलं. ढिम्म! दुसरं ॲप, तेही ढिम्म.

इथे डोकं फिरायची वेळ आली. डेकचा पट्टा पुन्हा तपासला. (ऑनलाइन मागवलेला पट्टा इतका सैल निघाला की तो फुलांच्या पुडीला बांधायच्या लायकीचा होता. महाराणी रोडवर एका जुन्या मेकॅनिकनं डब्यातून शोधून दिलेला मात्र चोख बसला. "भिया, पुराना माल है, सम्हाल के," एवढंच म्हणाला. पट्टे हातात घेऊन, ताणून बघूनच घ्या.)

मग लक्षात आलं की हमचे 50 हे 50 होते कशावरून? नव्वदीतली आपली विजेची ग्रिड आठवा. संध्याकाळी भार चढला की वारंवारता 49च्या खाली घसरायची आणि अपरात्री भार उतरला की 50च्या वर जायची. ग्रिडच्या पश्चिम विभागात 2002मध्ये नवी दरपद्धत आली, वारंवारता बघून वीज ओढण्याचे कमीजास्त पैसे लागायला लागले, तेव्हा कुठे ती जरा ताळ्यावर आली. आणि ही गाणी टीव्हीवर लागायची अपरात्रीच. त्यामुळे त्या काळचा हम फूटपट्टी म्हणून कुचकामी.

दुसरी फूटपट्टी टीव्हीतच होती. आपल्याकडच्या टीव्ही प्रसारणाच्या पॅल पद्धतीत चित्राच्या 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रं, गुणाकार 15,625. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून बारीक शिट्टी यायची ती हीच, आणि तिची लय प्रसारण केंद्राकडून येते, विद्युत मंडळाकडून नाही. मामाकडे आम्ही टू-इन-वन टीव्हीला जवळजवळ चिकटवूनच ठेवायचो. मग शिट्टी टेपवर असायलाच हवी!

पहिल्यांदा काही दिसेना. साध्या फेरिक टेपवर इतक्या वरचे सूर तसेही जेमतेम टिकतात, आणि हेडचा कोन किंचित हलला की तेच आधी गळतात. हेड आयसोप्रोपिलनं पुसलं, दोन्ही चॅनल मोनो केले आणि टेप चालू ठेवून ॲझिमथचा (हेडच्या कोनाचा) स्क्रू केसभर फिरवत गेलो. आवाजावरचं मळभ गेलं, झांजा चमकल्या, आणि पडद्यावर 15,000च्या जागी केसासारखी रेघ उभी राहिली. 15,625 असायला हवी ती 15,000वर, म्हणजे टेप चार टक्के हळू. वेग 4.17 टक्क्यांनी (15,625 भागिले 15,000) वाढवला आणि ॲपनं पहिल्या कडव्यातच नाव सांगितलं. उलटा हिशेब केला तर त्या रात्री रामबागेत वीज 50.9 हर्ट्झनं येत होती! हे कुणाच्याही उपयोगाचं नाही, पण मला भारी वाटलं.

ती शिट्टी तेव्हा कानाला टोचायची. आता चाळिशी ओलांडल्यावर फक्त पडद्यावर दिसते.

मूळ गाणं लावल्यावर मात्र थोडा हिरमोड झाला. टू-इन-वनची ऑटो लेव्हल शांत जागा वर ओढते आणि मोठ्या जागा दाबते, म्हणून माझ्या आठवणीत हे गाणं सपाट, धुरकट आणि पाऊण सेमीटोन खाली आहे. मूळ नको तितकं उघडं वाटतं. लोकल एचच्या 'बाउंड फॉर द फ्लोअर'चंही तेच. दोनच माणसांचा बँड, गिटारमध्येच बेसचा पिकअप बसवलेला, पण आमच्या इवल्याशा माइकनं तो बेस पार गिळलाय. म्हणून ठरवलं होतं की दुरुस्त प्रतच ठेवायची. आता हे लिहितानाच बेत बदलला, दुरुस्त आणि बिनदुरुस्त, दोन्ही ठेवतो.

आणि आणखी एक सुचतंय. शिट्टी गाणंभर आहे, तर एकाच आकड्यानं वेग का बदलायचा? तिचा क्षणाक्षणाचा चढउतार मोजून त्या उलट टेप ताणली तर वॉव आणि फ्लटरही (वेगातले संथ आणि जलद हेलकावे) निघतील. पायथनमध्ये करून बघतो. झांजांच्या गदारोळात रेघ हरवते, तिथे आजूबाजूचे आकडे जोडून घ्यावे लागतील.

ए बाजूचं शेवटचं गाणं त्याहून वाईट आहे. लाइट गेलेली असताना मित्राच्या वॉकमनवरून सेलवरच्या टू-इन-वनमध्ये उतरवलेलं, शेवटाकडे सेल बसत गेलेले. ना हम, ना शिट्टी. तिथे कशावर मोजायचं ते सुचवा.