लव्हाळा खुरप्याने जात नाही

पाऊस पडला की आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बागेत कुणीतरी खुरपं घेऊन लव्हाळ्यापाशी बसलेलं दिसतं, आणि माझा जीव तुटतो. वरची पाती निघते, वाफा स्वच्छ दिसतो, आठवड्याभरात पुन्हा हिरवागार.

हे हरळीसारखं गवत नव्हे. दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागतात. खरा लव्हाळा जमिनीखाली असतो: काळपट गाठी, बारीक मुळांनी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या. माळ अखंड असते तोवर त्यातल्या बऱ्याच गाठी झोपून असतात. खुरप्याने ती तुटली की सुटी झालेली गाठ स्वतःचा कोंब काढते. म्हणजे एकाचे पाच.

साताऱ्यातल्या आमच्या परसात मी होळीनंतर त्या वाफ्याचं पाणी तोडते. वैशाखात माती कोरडी ठाक झाली की टिकावाने वीतभर खोल खणायचं. बहुतेक गाठी तेवढ्यातच असतात. ढेकळं फोडून माती वाळूच्या चाळणीतून काढायची, हे काम कंटाळवाणं आहे पण त्याला पर्याय नाही. गाठी पत्र्यावर कडक उन्हात पार सुरकुतेपर्यंत वाळवायच्या. खताच्या खड्ड्यात मात्र चुकूनही नाही, तिथून त्या शेणखताबरोबर सगळ्या बागेत जातात. सासूबाई त्यातल्याच निवडून, धुऊन दिवाळीच्या उटण्यासाठी ठेवतात. नागरमोथा म्हणतो तो हाच.

राहिलेल्या गाठी पावसात फुटतातच. तिथे पाच-सहा पानं येण्याआधी कोंब काढायचा, कारण त्यानंतर तो नव्या गाठी भरायला लागतो. दर पंधरवड्याला फेरी मारली की पुरतं. प्रत्येक नवा कोंब जुन्या गाठीतला साठा खातो आणि गाठ थकत जाते.

आणि सावली! लव्हाळ्याला ऊन लागतं. मी मोकळ्या वाफ्यात चवळी दाट पेरते, किंवा रताळ्याचे वेल सोडते. पानांखाली लव्हाळा लांबुळका, फिकट होतो. काळं मल्चिंग प्लास्टिक अंथरू नका, त्याचे टोकदार कोंब ते आरपार भोसकून वर येतात.

दुकानात तणनाशक सुचवतात. ग्लायफोसेट पानांतून खाली उतरतं, पण झोपलेल्या गाठींपर्यंत पोचत नाही, आणि शेजारच्या मेथी-पुदिन्यावर उडालं तर तेही गेलं. खाण्याच्या वाफ्यात मी ते येऊ देत नाही.

नवीन कुंडी किंवा लाल मातीचं पोतं आणलं, तर आधी माती घमेल्यात ओतून हाताने चाचपा. आमच्याकडे लव्हाळा तसाच आला होता.