ओळंबा

माई चहाचा कप ठेवता ठेवता एवढंच म्हणाल्या, "काऊन वो, पडून राह्यली का थे?" आणि गेल्या. दगडी मूर्तीवरून मी कोळशानं काढतेय त्या चित्राबद्दल माईंनी कधी काही बोलावं, हेच... जाऊ दे.

पडतेय. दुपारपासून तोच शब्द डोक्यात.

मापं तर बरोबर होती. नवताल, म्हणजे मूर्तीच्या उंचीचं जुनं शिल्पशास्त्रातलं माप, 108 अंगुळं. अंगुळ अर्ध्या सेंटिमीटरचं धरलं की आकृती 54 सेंटिमीटरची. चेहरा 6, गळा 2, पुढे छाती, बेंबी, जांघ असे सहा-सहाचे टप्पे, मांडी 12, गुडघा 2, पोटरी 12, पाऊल 2. पण हा हिशेब सरळ उभ्या मूर्तीचा. त्रिभंगात, म्हणजे मान, कंबर, गुडघा अशी तीन ठिकाणी वाकलेली मूर्ती असली की, तो वाकलेल्या मध्यरेषेवरून मोजायचा, मग उंची आपोआप घटते. मी आधीच कागदाच्या वर-खाली 54च्या खुणा ठोकल्या आणि उरलेली उंची पायांत भरली.

त्यात नागपूरच्या संग्रहालयात, अजब बंगल्यात, काढलेला मूर्तीचा तो फोटो, ज्यावरून चित्र काढतेय. मूर्ती चौथऱ्यावर, मोबाइल छातीशी. जवळून आणि खालून घेतला की पाय फुगतात, डोकं लिंबाएवढं होतं. सहा-सात पावलं मागे सरून झूम करायचं. मागे जागा नव्हती, असं लिहिणार होते. होती.

मग म्हटलं, तिची पाठ शिळेला चिकटलेली, ती पडेलच कशी? मीच तिला शिळेवरून सोडवून कोऱ्या कार्ट्रिज कागदावर एकटी उभी केली. ग्रीक ब्राँझच्या रोमन संगमरवरी नकलांनाही पायाशी झाडाचा बुंधा ठेवावा लागतो, कारण नुसत्या घोट्यांना दगडाचं वजन पेलत नाही. तिथे माझ्या कोळशाची काय कथा!

तासभर या विचारावर बरं वाटलं.

संध्याकाळी दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरला. भार एका पायावर असला की गळ्याची खाच साधारण त्याच घोट्याच्या वर येते. माझी आली दोन पावलांच्या मधोमध. भाराकडचा नितंब वर, खांदा खाली, कमरेची वळी दाबलेली, सगळं जागच्या जागी, फक्त भार कुठल्याच पायावर नाही. शिळेचा काही दोष नव्हता, बिचारीचा.

पाऊल दोन सेंटिमीटर आत घेतलं. गुडघ्याची वाटी फार कोरली होती, तीही पुसली. या मूर्तींचे स्नायू दिसत नाहीत, आत श्वास भरल्यासारखी कातडी तटतटलेली असते. मांड्यांचं उद्या.

पुट्टी रबरानं नुसतं टिपलं, घासलं नाही, तरी जुन्या पावलाचा कोळसा कागदाच्या दाण्यात बसलाय तो बसलाच. तूर्त तिला तीन पाय आहेत. माई यायच्या आत कागद उलटा करून ठेवते.